रिकाम्या खोलीतला स्थिर आकडा

लेआउटबाईंना शेजार या विषयावर बोलायला कोणी बोलावलं असतं, तर त्या पाणीही न पिता दुपारभर बोलल्या असत्या. स्वतःच्या शेजारच्या घरात कोण राहतं, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं. तिथले भाडेकरू मध्यंतरी बदलले होते, नवे येऊनही बरेच महिने झाले होते, आणि दाराबाहेरच्या चपलांवरून बाईंना एवढंच कळलं होतं की त्या घरात एक लहान मूल आहे.

बाईंचा शेजार वेगळा होता. सर्किट बोर्डावर कोणाच्या बाजूला कोणाला बसवायचं, कोणती रेघ कोणत्या रेघेपासून चार हात लांब ठेवायची, तापणाऱ्याला कोपऱ्यात घालवायचं की भिंतीला टेकवायचं, ही मांडणी, म्हणजे लेआउट, ठरवण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. इंजिनिअर कागदावर सर्किट काढतो तेव्हा त्यात शेजार नसतोच. तो दोन चिन्हं काढतो, मध्ये सरळ रेघ ओढतो आणि घरी जातो. त्या रेघेचा अर्थ एवढाच की हे याला जोडलंय. पण तीच रेघ तांब्याची होऊन बोर्डावर उतरली की तिला लांबी येते, रुंदी येते, ती तापते, बाजूच्या रेघेतली गडबड ऐकते आणि तीच पुढे सांगत सुटते. बाई नव्या माणसांना म्हणायच्या, “कागदावर सगळेच गुणी असतात हो. राहायला आल्यावर कळतं.”

त्यातही बाईंचा जीव होता तो अ‍ॅनालॉगवर. डिजिटल सर्किटं त्यांच्या मते जाड कातडीची. त्यांना हो किंवा नाही एवढंच समजतं, थोड्याफार कुरबुरीकडे ती कानाडोळा करतात. अ‍ॅनालॉगला थोडं जास्त, थोडं कमी, सगळं समजतं आणि ते सगळं मनाला लावून घेतं. असल्या सर्किटाला जागा देताना फार सांभाळावं लागतं, आणि बाई सांभाळत. इतक्या निगुतीने त्यांनी दुसऱ्या कोणाला सांभाळलं असेल तर ते आपल्या आईला.

आई जाऊनही आता काही वर्षं लोटली होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कोणी खोदून विचारलंच तर “राहून गेलं” म्हणायच्या आणि विचारणाऱ्याला आपणच काहीतरी चुकलो असं वाटायचं. आई होती तोवर घरात निदान भांडण तरी होतं. चहात साखर जास्त पडली यावरून, खिडकी उघडी राहिली यावरून, धाकट्याचा फोन आला नाही यावरून. आई गेली आणि घर असं गप्प झालं की बाई कधीकधी स्वयंपाकघरात मुद्दाम एखादं भांडं आपटायच्या.

धाकटा भाऊ दूरच्या शहरात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

“ताई, बरी आहेस ना?”

“बरी आहे.”

“जेवलीस?”

“जेवले. तुम्ही सगळे?”

“मजेत. ही बोलतेय बघ तुझ्याशी.”

मग वहिनी यायची, तीही बरी आहात ना विचारायची, बाई पुन्हा बरी आहे म्हणायच्या. मागे टीव्हीचा आवाज चालू असायचा. भाऊ वाईट नव्हता, वहिनी तर मुळीच नव्हती. पण फोन ठेवल्यावर बाई त्याच खुर्चीत बराच वेळ बसून राहायच्या, आणि रविवार संपता संपायचा नाही. सोमवारी सकाळी बस पकडताना त्यांच्या पायांना जो हुरूप यायचा, तो पाहून कोणालाही वाटलं असतं की बाई कुठल्या समारंभाला निघाल्यात.

समारंभ म्हणजे कारखान्याच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. एक मोठं टेबल, संगणकाचे दोन पडदे, तपासणीची यंत्रं आणि भिंग. खाली जोडणी विभाग होता. तिथे बायका ओळीने बसून बोर्डांवर भाग चढवायच्या आणि दिवसभर त्यांची बडबड चालायची. बाईंना ती बडबड जिन्यावरून ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. फार पूर्वी एका नाजूक यंत्राच्या चाचणीसाठी बाईंनी दारावर पाटी लावली होती, “चाचणी चालू आहे, आत येऊ नये.” ते यंत्र विकलं गेलं, त्याचं उत्पादनही बंद झालं, पाटी राहिली. सुरुवातीला कोणी डोकावलं तर बाई पाटीकडे बोट दाखवायच्या. मग कोणी डोकावेनासं झालं. जेवणाच्या सुट्टीत बाई तिथेच डबा उघडायच्या आणि पडद्यावरच्या रेघांकडे बघत जेवायच्या. याला खालच्या बायका शिष्टपणा म्हणत. खरं सांगायचं तर पहिल्यांदा पाटी लावली ती कामासाठी, आणि नंतर काढायची कशी हे बाईंना समजेना.

तर त्या वर्षी मालकांनी नवं काम घेतलं. नवजात बाळांचं वजन करायचा काटा.

बाळाच्या काट्यात चार-दोन ग्रॅमचीही किंमत असते. अशक्त बाळ कालच्यापेक्षा आज थोडं वाढलं की थोडं उतरलं, यावर डॉक्टर औषध ठरवतो आणि आईची रात्रीची झोप ठरते. काट्याच्या ताटाखाली धातूची एक पट्टी असते. वजन पडलं की ती वाकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. त्या वाकण्यातून इवलासा व्होल्टेज तयार होतो, तो दोन रेघांवरून बोर्डावर येतो, आणि त्या दोन रेघांमधला फरक अ‍ॅम्प्लिफायर शेकडो पटींनी मोठा करून दाखवतो. वाटेत कचरा शिरला तर तोही तेवढ्याच पटींनी मोठा होतो. अ‍ॅम्प्लिफायरला बाळ कोणतं आणि कचरा कोणता हे ओळखता येत नाही.

मालकांना काटा सुबक हवा होता, म्हणून बोर्ड लहान. लहान बोर्डात व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर कुठे बसवायचा हा प्रश्न आला. तो तापतो. बाईंनी बरीच उलटसुलट मांडणी करून पाहिली आणि शेवटी त्याला त्या दोन नाजूक रेघांपैकी एकीच्या बाजूला जागा दिली. हे बरं नाही हे त्यांना कळत होतं. दोन वेगळे धातू जिथे सोल्डरने जोडलेले असतात तो जोड गरम झाला की तिथे आपोआप थोडा व्होल्टेज उपजतो. एका रेघेचा जोड गरम आणि दुसरीचा गार असेल तर तो फरक वजनात मिसळतो. पण बाईंनी हिशेब केला होता. रेग्युलेटर सारखाच तापत राहणार, म्हणजे चूकही सारखीच राहणार. शून्याचं बटण दाबलं की ती पुसली जाईल. तसंच झालं. खोलीचं दार लावून, खिडकी लावून, पंखा बंद करून बाईंनी काट्यावर पितळी वजनं ठेवली आणि स्वतः दूर स्टुलावर बसून राहिल्या. आकडा हलला नाही. संध्याकाळपर्यंत एका ग्रॅमनेही नाही. बाई त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकट्याच हसल्या.

काटा एका प्रसूतिगृहात वापरून बघायला दिला, आणि आठवड्याभरात परत आला. सोबत निरोप, आकडा लहरी आहे. बाईंनी खोलीत नेला, दार लावलं, पंखा बंद केला. आकडा जागचा हलेना. परत पाठवला. तो पुन्हा परत आला. या वेळी निरोप जरा खमंग होता. हा काटा बाळाचं वजन करतो की आमची थट्टा?

मालक वर आले. पाटी असूनही आत येणारा तो एकच माणूस. ते रागावले नाहीत, स्टूल ओढून बसले.

“बाई, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हल्ली लेआउट बाहेरून करून मिळतो. रेखाटन पाठवायचं, बोर्ड घरपोच. सगळे तेच करतात. मी आजवर तुमच्यासाठी थांबलो. आता हा काटा तिसऱ्यांदा परत आला, तर मला हे टेबल बंद करावं लागेल.”

“पण तो इथे बरोबर चालतो. तुम्ही स्वतः बघा.”

“मी बघून काय उपयोग? बाळं तिकडे आहेत. तुम्ही जा ना एकदा. तिथे बसा, काय होतंय ते बघा.”

ते खाली गेल्यावर बाई टेबलाकडे बघत राहिल्या. टेबल बंद म्हणजे काय हे त्यांना फार विचार न करता कळलं. आठवड्याचे सगळे दिवस रविवार. त्यांना बस लागणार नव्हती, डबा भरायला लागणार नव्हता, आणि जिन्यावरून येणारी ती न कळणारी बडबडही नसणार होती. बाईंना भीती वाटली. इतकी की त्या त्याच दुपारी प्रसूतिगृहात जाऊन पोचल्या.

वॉर्ड गजबजलेला होता. दोन ओळींत खाटा, वर गरागरा फिरणारे पंखे, सारखं उघडमिट करणारं झुलतं दार, रडणारी बाळं, हसणाऱ्या आज्या, कोपऱ्यात उभा राहून कोणाच्याच पायात न येण्याचा प्रयत्न करणारा एखादा नवा बाप. तिथल्या मोठ्या सिस्टर अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. त्यांनी बाईंना काट्याजवळ एक खुर्ची दिली.

“बसा ताई. तुमचं लेकरू आहे ना हे? बघा त्याचे प्रताप.”

एक बाळ आलं. त्याच्यामागे त्याची आई, आईची आई, मावशी आणि कोण कोण. सगळे काट्यावर वाकले. सिस्टरांनी बाळ ठेवलं आणि आकडा उजळला. दार झुललं, वारा आला, आकडा चढला. मावशीने मान पुढे काढली, आकडा उतरला. गर्दी हलली, पंख्याचा झोत मोकळा झाला, आकडा पुन्हा चढला. बाईंच्या कपाळावर आठ्या उमटल्या. पुढच्या बाळाच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच.

“ही गर्दी कशाला लागते?” बाई शेवटी न राहवून म्हणाल्या. “सगळ्यांना जरा बाजूला करा. तो पंखा बंद करा. आणि दार कोणीतरी धरून ठेवा.”

सिस्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग खरंच सगळ्यांना मागे लोटलं. पंखा थांबला. दाराशी आया उभी राहिली. काट्यावर बाळ, दोन पावलांवर सिस्टर, बाकी कोणी नाही. आकडा थोडा रेंगाळला आणि स्थिर झाला. किती वेळ बघा, स्थिर.

“बघा,” बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. “काट्यात काही दोष नाही. तुम्ही त्याला नीट वागवत नाही एवढंच.”

मोठ्या सिस्टरांनी बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाजूला ताटकळलेल्या आईच्या हातात दिलं. मग त्या वळल्या. आवाज चढवला नाही.

“ताई, मग बाळाचं वजन करताना रोज सगळ्यांना बाहेर काढू? आईलासुद्धा?”

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी पर्स उचलली आणि येते म्हणून बाहेर पडल्या.

बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी सिस्टरांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. अडाणी आहेत, यंत्राची कदर नाही, गोंगाट करणारी माणसं सगळीकडे सारखीच. आपण चुकलो असं वाटायला लागलं की माणूस आधी चिडून घेतो, बाईही माणूसच होत्या. पण घराजवळचा थांबा येईपर्यंत राग ओसरला आणि आतून दुसरंच काहीतरी वर आलं. रेग्युलेटरची उष्णता सारखी राहते हे त्यांचं गृहीत बरोबर होतं, पण कुठे? जिथे वारा नाही, दार हलत नाही, कोणी वाकत नाही, कोणी श्वास सोडत नाही तिथे. वारा लागला की बोर्डावरची ऊब इकडची तिकडे होते, एका जोडाला कमी लागते, दुसऱ्याला जास्त, आणि तो फरक बाळाच्या वजनात जाऊन बसतो. साधी गोष्ट होती. नवशिक्यालाही बाईंनी ती सांगितली असती. मग आपल्याला कशी दिसली नाही? कारण आपल्या खोलीत वारा नव्हता. आपल्या खोलीत कोणीच नव्हतं. चालवून पाहिलं ते सगळं आपल्यासारख्या एकटीसाठी चालवून पाहिलं, आणि तो काटा जायचा होता जगातल्या सगळ्यात गर्दीच्या जागी. बाळ जन्मल्यावर माणसं गोळा होणार नाहीत तर कधी होणार?

बाईंना रडू आलं. बसमध्ये, चारचौघांत. बाजूच्या सीटवरच्या माणसाने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. काट्याचं दुःख नव्हतं ते. माणसं असतात हेच आपण विसरून गेलो, आणि विसरलो हेसुद्धा आपल्या लक्षात आलं नाही, याचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीतला पंखा लावला. काट्याचं झाकण काढलं, पितळी वजन ठेवलं. आकडा डोलायला लागला. त्या वाकल्या आणि बोर्डावर हलकेच फुंकर घातली. आकडा वर गेला, हळूहळू खाली आला. आता शंका उरली नाही.

इंजिनिअर खालून वर आला तेव्हा बाई नवी मांडणी करत होत्या. हा इंजिनिअर वयाने त्यांच्याहून बराच लहान, गोड बोलणारा, पण बाईंच्या दाराशी आला की आवाज खाली आणणारा.

“सापडलं का काही?”

“सापडलं. चूक माझी आहे.”

एवढं ऐकून इंजिनिअर गडबडला. बाईंच्या तोंडून हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. “नाही, म्हणजे सर्किटात मीपण तो रेग्युलेटर...”

“तुमचं सर्किट ठीक आहे. शेजार मी दिला.” बाईंनी पडद्याकडे बोट केलं. “आता याला पार पलीकडच्या टोकाला घालवते. मध्ये बोर्डात एक चीर कापू, म्हणजे ऊब इकडे पाझरणार नाही. आणि या दोन रेघा अशा एकमेकींना चिकटून नेते. दोघींचे जोड शेजारी शेजारी. जी झळ लागेल ती दोघींना सारखी लागू दे. अ‍ॅम्प्लिफायर फक्त फरक बघतो. दोघी सारख्याच तापल्या, की त्याच्या लेखी काही घडलंच नाही.”

“म्हणजे बोर्ड थोडा मोठा होईल.”

“होऊ दे. मालकांना मी सांगते.”

तो गेल्यावर बाईंनी त्या दोन रेघा ओढल्या. वळणावर एक बाहेरून जाते म्हणून लांब होते, तर दुसरीला पुढे तेवढंच वळण द्यायचं, म्हणजे दोघींचा प्रवास सारखा. एकीच्या वाटेत जोड आला तर दुसरीच्याही वाटेत तसाच जोड घालायचा, गरज नसली तरी. हे काम बाईंनी आयुष्यभर केलं होतं. आज मात्र हात मध्येच थांबला. आईच्या शेवटच्या दिवसांत आपल्या बाजूला कोणीतरी असतं, त्याच खोलीत, तीच झळ सोसत, तर त्रास काही कमी झाला नसता. पण तो असा त्यांच्या एकटीवर येऊन बसला नसता. हे त्यांना इतकं स्वच्छ कधी जाणवलं नव्हतं. मग त्यांनी रेघ पुरी केली.

नवा बोर्ड बनून आला, जोडून झाला, काट्यात बसला. आता चाचणी. आणि इथे बाई अडकल्या. पंखा लावता येत होता, दार उघडं ठेवता येत होतं. पण वॉर्डासारखी माणसं कुठून आणायची? माणसं खालीच होती, एक जिना उतरून. बाई जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि परत आल्या. पुन्हा गेल्या. बड्या यंत्रांचे कठीण बोर्ड लीलया मांडणाऱ्या या बाईंना तो जिना उतरणं जिवावर आलं होतं. काय म्हणून बोलवायचं? इतकी वर्षं ज्यांना येऊ दिलं नाही, त्यांना आता या म्हणायचं? आणि त्या नाही म्हणाल्या तर?

जेवणाच्या सुट्टीत त्या उतरल्या. जोडणी विभागातल्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. बाई दिसल्या आणि बडबड एकदम थांबली, हेडबाई वर्गात आल्यासारखी. एकीने तर हातातला घास खाली ठेवला.

“मला चाचणीसाठी माणसं हवी आहेत,” बाई म्हणाल्या. आवाज नको तेवढा कडक निघाला.

“किती?”

“मावतील तितकी.”

“करायचं काय पण?”

“काही नाही. बोलायचं. इकडेतिकडे फिरायचं. दार उघडायचं, लावायचं. काट्यावर वाकून बघायचं.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यातली सगळ्यात थोराड, जिला सगळ्या आक्का म्हणत, ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, “म्हणजे आम्ही जे एरवी करतो आणि तुम्हाला खपत नाही, ते.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेच.”

आक्का अशी हसली की बाकीच्यांचाही बांध फुटला. “चला गं. डबे घ्या. सरकारी काम आहे.”

त्या सगळ्या वर आल्या. इंजिनिअरही आपला डबा घेऊन आला. खोलीत स्टुलं पुरेनात, तेव्हा कोणी खोक्यांवर बसलं, कोणी खिडकीच्या कट्ट्यावर. पंखा भरधाव, दार सताड. काट्याचं ताट रिकामं बरं दिसेना म्हणून एकीने वजनांवर टॉवेलची गुंडाळी ठेवली, आणि तिला नकळत ती थोपटायला लागली.

“अगं, झोपलंय ते,” दुसरी म्हणाली.

“आईवर गेलंय की बापावर?”

“आक्कावर. बघ ना, किती जड.”

बाईंचे डोळे आकड्यावर होते. थोपटणं थांबलं तसा तो जागेवर आला आणि तिथेच राहिला. आक्का वाकली, तिच्या श्वासाला मसाल्याचा वास येत होता. आकडा हलला नाही. दार आपटलं, आकडा हलला नाही. सगळ्या एकदम उठून भोवती गोळा झाल्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावली, कोणाचा तरी कोपर बाईंच्या पाठीला लागला आणि लागूनच राहिला. आकडा हलला नाही. बाईंना समजलं की जमलंय. खरं तर ते त्यांना पहिल्या काही मिनिटांतच समजलं होतं, पण त्या बघत राहिल्या. मग हळूहळू आकड्यावरची नजर सुटली आणि त्या माणसांकडे बघायला लागल्या. जिन्यावरून इतकी वर्षं नुसता आवाज ऐकू यायचा, आता शब्द कळत होते. कोणाचा मुलगा नापास झाला होता, कोणाची सासू रुसून बसली होती. कोणी न विचारता आपल्या डब्यातलं बाईंच्या डब्याच्या झाकणात वाढलं. “खा हो. चाचणीच आहे असं समजा.” बाईंनी खाल्लं. त्यांना ते फार तिखट लागलं, आणि त्यांनी अजून थोडं मागून घेतलं.

सुट्टी संपत आली तेव्हा मालक दारात उभे राहिले. खोलीत एवढी माणसं बघून ते आधी दारातच थबकले.

“काय चाललंय? झाली का चाचणी?”

सगळ्या जरा बाजूला सरल्या. इंजिनिअरने यंत्रातून निघालेला, आकड्याच्या आलेखाचा कागद मालकांपुढे धरला. त्यावरची रेघ सरळ होती.

“आकडा हलला?” मालकांनी बाईंना विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर. गाडी सांगतो. आजच पाठवून देऊ, त्यांचा रोज फोन येतोय.”

बाईंनी मान हलवायची होती, बस्स. टेबल वाचलं होतं. आयुष्यात त्यांनी एकही मोजमाप वाढवून किंवा कमी करून सांगितलं नव्हतं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, खोक्यांवरून उठणाऱ्या, डबे आवरणाऱ्या बायकांकडे पाहिलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आज नको. एका दिवसावर सांगता येत नाही. उद्या परत बघावं लागेल. अशीच, सगळ्यांना घेऊन.”

मालकांच्या भुवया वर गेल्या. “बाई, आता आणखी उशीर झाला तर ते दुसरीकडून काटा घेतील. मग मला बोलू नका.”

“एक दिवस,” बाई म्हणाल्या.

मालकांनी इंजिनिअरकडे बघितलं. त्याने पुन्हा एकदा त्या सरळ रेघेकडे पाहिलं. काही बोलायला त्याने तोंड उघडलं होतं. मग त्याची नजर बाईंवर गेली, त्यांच्या हातावर, तो हात डब्याच्या झाकणावर घट्ट दाबलेला होता.

“बरोबर आहे, सर,” तो म्हणाला. “मागच्या वेळी घाई केली आणि फसलो. उद्या एकदा बघूच.”

मालक कुरकुरत उतरले. त्यांच्यामागून बायका उतरल्या, बोलत, हसत, उद्या कोण काय आणणार ते ठरवत. इंजिनिअर सर्वांत शेवटी निघाला आणि दाराशी थांबला.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “उद्याही आकडा हलणार नाही.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही डबा घेऊन या.”